वाचकांचे प्रश्न : पंचायतीचे काम आणि घरचे नाते

या अंकासाठी निवडलेली पत्रे महाराष्ट्रातील ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा आणि नगरपरिषदा यांच्याशी संबंध असलेल्या वाचकांची आहेत. काही निवडून आलेल्या सदस्यांची आहेत, काही कर्मचाऱ्यांची, तर काही या कार्यालयांत कामासाठी जाणाऱ्या नागरिकांची. पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत. कायद्याची माहिती देताना, कायदा जेथे थांबतो तेथून पुढे कसे वागावे, याविषयीचे माझे मतही मी स्पष्टपणे मांडले आहे.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. माझा धाकटा भाऊ नोंदणीकृत ठेकेदार असून, आमच्याच गावातील अंतर्गत रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची निविदा तो भरणार आहे. आमच्या वाटण्या झालेल्या आहेत, शिधापत्रिका वेगळ्या आहेत आणि त्याच्या व्यवसायात माझा एक रुपयाही नाही. तरीही गावात कुजबुज सुरू झाली आहे. त्याने निविदा भरू नये काय?

उत्तर : महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये सदस्याच्या अनर्हतेची, म्हणजे अपात्रतेची, कारणे दिलेली आहेत. पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात सदस्याचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, हिस्सा अथवा हितसंबंध असणे हे त्यांपैकी एक आहे. निवडून आल्यानंतर असा हितसंबंध निर्माण झाला तरी पद जाऊ शकते आणि त्याविषयीचा वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतो. जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांच्या कायद्यांतही याच अर्थाच्या तरतुदी आहेत.

केवळ नाते म्हणजे हितसंबंध नव्हे. नगरपालिकेच्या एका सदस्याचा मुलगा त्याच नगरपालिकेत नोकरीला होता, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली हा मुद्दा स्पष्ट केला होता. त्यामुळे आपण लिहिता तशीच वस्तुस्थिती असेल, तर भावाने निविदा भरली एवढ्यावरून आपले पद जाईल असे मला वाटत नाही. मात्र ‘एक रुपयाही नाही’ हे वाक्य पुन्हा एकदा तपासून पाहावे. भावाच्या कर्जाला आपण जामीन आहात काय? त्याचा ट्रॅक्टर किंवा मिक्सर आपल्या नावावर आहे काय? वाटणी तोंडी झाली असून सातबाऱ्यावर दोघांची नावे अजून एकत्रच आहेत काय? ‘अप्रत्यक्ष’ या शब्दाचा अर्थ अशाच कागदांतून ठरत असतो.

येथवर झाली ती कायद्याची बाजू. परंतु गावातील कुजबुज कलम १४ विषयी नाही. या कामाबाबत निर्णय घेताना आपले मन मोकळे राहील काय, याविषयी ती आहे, आणि तो प्रश्न मला रास्त वाटतो. एका रस्त्याच्या कामात पंचायतीला किती वेळा निर्णय घ्यावे लागतात ते पाहा. कोणता रस्ता आधी घ्यायचा, अंदाजपत्रक कोणत्या कामासाठी करून घ्यायचे, निविदेच्या अटी काय ठेवायच्या, कार्यारंभ आदेश कधी द्यायचा, मुदतवाढ द्यायची की दंड आकारायचा, काम निकृष्ट झाल्याची तक्रार आली तर देयक रोखायचे की नाही. या प्रत्येक टप्प्यावर आपण सभागृहात बसलेले असाल. आपण तोंड उघडले नाही तरी, शेजारी बसलेल्या सदस्याला आपल्या भावाच्या कामावर बोट ठेवणे जड जाईल. ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात. एवढ्या लहान सभागृहात एका माणसाचा संकोच हा सगळ्यांचा संकोच होतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, भावाला हे काम सोडता येण्यासारखे असेल तर त्याने ते सोडावे आणि शेजारच्या पंचायतींतील कामे घ्यावीत. त्यात त्याचे नुकसान आहे हे मी जाणतो, आणि त्याचा काही दोष नसताना त्याला ते सोसावे लागते, हेही मला टोचते. परंतु पद आपण स्वेच्छेने स्वीकारले आहे आणि त्याची किंमत कधीकधी घरच्यांनाही मोजावी लागते. ते शक्य नसेल, तर निविदा सूचना निघण्यापूर्वीच आपण सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांना लेखी कळवावे की, हा ठेकेदार माझा सख्खा भाऊ आहे आणि या कामाशी संबंधित कोणत्याही विषयावरील चर्चेत व मतदानात मी भाग घेणार नाही. तो विषय पुकारला जाताच आपण सभागृहाबाहेर जावे, आणि आपण बाहेर गेल्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात झाली आहे याची पुढील सभेत इतिवृत्त कायम होताना खात्री करून घ्यावी. इतिवृत्तात नसलेला प्रामाणिकपणा दोन वर्षांनी तक्रार झाली तर आपल्यालाही सिद्ध करता येत नाही.

आणखी एक बाब, जिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सदस्य म्हणून कानावर पडलेली माहिती ही पंचायतीची असते. कोणत्या निधीतून कोणते काम येणार आहे हे भावाला इतर ठेकेदारांपेक्षा आठवडाभर आधी कळले, तर आपण मतदान न करूनही त्याला झुकते माप दिलेले असते. घरी जेवताना झालेल्या गप्पांतूनही हे घडू शकते.

प्रश्न : आमच्या आजोबांनी शासकीय जमिनीवर बांधलेल्या घरात मी राहतो. अतिक्रमण मी केलेले नाही. मला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येईल काय?

उत्तर : शासकीय जमिनीवरील किंवा सार्वजनिक मालमत्तेवरील अतिक्रमण हे कलम १४ खालील अनर्हतेचे कारण आहे. मूळ अतिक्रमण कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीने केले असले, तरी त्या जागेचा वापर करत राहणारी व्यक्तीही या तरतुदीच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे ते बांधकाम नियमित झाले आहे काय, हे आधी पाहावे. घरपट्टीची थकबाकीही त्याच वेळी तपासावी, कारण देयक देऊन मागणी केल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर न भरणे हेदेखील अनर्हतेचे कारण आहे.

प्रश्न : मी नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर लिपिक आहे. दाखला हातात पडल्यावर काही जण आनंदाने पेढ्यांचा पुडा ठेवून जातात. मी काहीही मागत नाही. नाही म्हटले तर वयस्क माणसे दुखावतात. यात वावगे काय?

उत्तर : आपण मागत नाही, यावर माझा विश्वास आहे. तरीही पुडा घेऊ नये, असेच मी सुचवेन. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ नुसार स्थानिक प्राधिकरणाच्या सेवेतील प्रत्येक व्यक्ती लोकसेवक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्यात ‘गैरवाजवी लाभ’ ही संकल्पना आली असून, असा लाभ घेतल्यावर ‘काम तर नियमानेच केले होते’ हा बचाव पुरेसा ठरत नाही. पेढ्यांच्या पुड्यावरून कोणी खटला भरणार नाही हे खरे. शासकीय कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही सामाजिक रीतीने होणाऱ्या देवाणघेवाणीला काही जागा ठेवलेली आहे, पण ती मुख्यतः निकटचे नातेवाईक आणि ज्यांच्याशी कार्यालयीन संबंध नाही असे मित्र यांच्यापुरती. दाखल्यासाठी आलेला माणूस या दोहोंत बसत नाही.

आपण देणाऱ्याचा विचार करता. मला मात्र त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा विचार करावासा वाटतो. त्याने तो पुडा टेबलावर येताना पाहिलेला असतो. आपल्याकडे द्यायला काही नाही, मग आपला दाखला वेळेवर मिळेल की नाही, ही शंका त्याच्या मनात त्या क्षणी निर्माण होते, आणि पुढच्या वेळी तो उधार-उसनवार करून काहीतरी घेऊन येतो. वयस्क माणसाला नाही म्हणताना उठून उभे राहावे, हात जोडावेत आणि पेढे घरच्या बाळाच्या नावाने वाटायला सांगावेत. आदराने दिलेला नकार सहसा कोणाला लागत नाही.

प्रश्न : मी महिला राखीव जागेवरून सरपंच झाले. माझे पती पूर्वी सदस्य होते, त्यामुळे कागदपत्रे तेच पाहतात आणि ते सांगतील तेथे मी सही करते. सभेतही तेच बोलतात. त्यांचा हेतू चांगला आहे. यात काही गैर आहे का?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पतीचा सल्ला घेण्यात काहीही गैर नाही. कोणताही सरपंच कोणाचा ना कोणाचा सल्ला घेतच असतो. परंतु पंचायतीचा धनादेश सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त सहीने निघतो. उद्या त्या खर्चाविषयी चौकशी लागली तर नोटीस आपल्या नावाने येईल, आपल्या पतीच्या नव्हे. कर्तव्य पार पाडताना गैरवर्तन किंवा हयगय केल्याबद्दल सरपंचाला पदावरून दूर करण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे आणि तो अधिकार विभागीय आयुक्तांना आहे. ‘मला वाचायला मिळाले नव्हते’ हे उत्तर तेथे चालणार नाही.

ही भीती दाखवणे हा माझा उद्देश नाही. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांतील महिलांचे आरक्षण निम्म्या जागांपर्यंत नेले, ते सहीसाठी हात मिळावेत म्हणून नव्हे. गावातल्या ज्या बायकांनी आपल्याला मत दिले, त्यांच्यापैकी एखादीला नळाच्या पाण्याविषयी बोलायचे असेल आणि खुर्चीवर आपले पती बसलेले असतील, तर ती दारातूनच परत जाईल. निवडून न आलेल्या व्यक्तीने मासिक सभेत बसून निर्णय घेणे हे, ती व्यक्ती कितीही जाणकार आणि सद्‌हेतूची असली तरी, ज्या मतदारांनी तिला निवडलेले नाही त्यांच्यावरचा अन्याय आहे.

सुरुवात छोटी असली तरी चालेल. पुढील महिन्यापासून प्रत्येक धनादेशापूर्वी ग्रामसेवकाने आपल्याला, आपल्या पतीला नव्हे, त्या खर्चाचा ठराव, देयक आणि मंजुरी दाखवावी, असे सांगावे. न समजलेला कागद परत ठेवावा. उद्या सही करते, हे वाक्य म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मासिक सभेत विषयपत्रिका स्वतः वाचावी. पतींना शंका असतील तर त्या घरी विचारून घ्याव्यात आणि सभेत त्या आपल्या तोंडून मांडाव्यात. ते खरोखर आपल्या भल्याचे पाहत असतील, तर पहिल्या दोन-तीन सभांनंतर त्यांनाही हे पटेल.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेत कनिष्ठ अभियंता आहे. मार्च संपत आला आहे. निधी परत जाईल म्हणून, अर्धवट राहिलेले काम पूर्ण झाल्याचे मोजमाप पुस्तकात दाखवावे, असे वरिष्ठांनी तोंडी सांगितले आहे. ‘काम एप्रिलमध्ये होईलच, गावाचेच नुकसान टळेल’ असे ते म्हणतात.

उत्तर : लिहू नका. मोजमाप पुस्तकातील आपल्या नोंदीवर देयक तयार होते, त्यावर वरिष्ठांची तपासणी होते आणि त्यावर पैसा जातो. पहिलीच नोंद खोटी असेल, तर तिच्यावरच्या सगळ्या सह्या पोकळ ठरतात. पैसे हाती आल्यावर एप्रिलमध्ये ठेकेदार परत येईलच याची हमी कोणी देत नाही. माझ्या नोकरीच्या काळात असे ‘पूर्ण’ झालेले आणि पुढे दोन पावसाळे उघडे पडलेले शाळाखोलीचे काम मी पाहिले आहे. निधी परत गेला तर तो पुन्हा मागता येतो, पण खोटी नोंद पुसता येत नाही. नुकसान करण्याच्या किंवा कोणाला वाचवण्याच्या हेतूने लोकसेवकाने चुकीचा अभिलेख तयार करणे हा भारतीय न्याय संहितेखालीही गुन्हा आहे.

शासकीय वर्तणूक नियमांचे तत्त्व असे की, वरिष्ठांच्या आदेशाने वागायचे असेल तर तो आदेश शक्यतो लेखी घ्यावा, आणि तोंडी असेल तर नंतर त्याला लेखी पुष्टी मिळवावी. आपण आज प्रत्यक्ष स्थळपाहणी करून, जेवढे काम झाले आहे तेवढ्याचेच मोजमाप नोंदवावे, तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि एक साधी टिपणी सादर करावी : अमुक दिनांकापर्यंत एवढे काम पूर्ण आहे, उर्वरित कामाच्या निधीबाबत मार्गदर्शन व्हावे. टिपणीत आरोप नको, विशेषणेही नकोत. बहुतेक वेळा अशी टिपणी पुढे गेल्यावर तोंडी आदेश पुन्हा येत नाही. कधीकधी बदली येते. तो धोका नाही असे मी म्हणणार नाही, आणि तो आपल्या कुटुंबालाही सोसावा लागतो. तरी आपण आवक-जावक क्रमांकासह त्या टिपणीची प्रत घरी ठेवावी.

प्रश्न : घर नावावर करण्याच्या फेरफारासाठी नगरपरिषदेत माझ्याकडून पैसे घेतले गेले. दोन महिने हेलपाटे घातल्यावर नाइलाजाने मी दिले. आता तक्रार केली तर मीही गुन्हेगार ठरेन काय?

उत्तर : भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे, आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परंतु ज्याला लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवले तर त्याला संरक्षण आहे. आपण पैसे कधी दिले ते पत्रात लिहिलेले नाही. सात दिवस झाले नसतील, तर हे उत्तर वाचत बसू नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर आजच फोन करावा. मुदत उलटली असेल, तर तक्रारीपूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

इतर वाचकांसाठी : मागणी झाल्यावर, पैसे देण्यापूर्वीच या विभागाकडे जावे. त्यांच्या देखरेखीखाली सापळ्यासाठी दिलेल्या रकमेबद्दल तक्रारदाराला दोषी धरले जात नाही. विलंबावरचा उपाय वेगळा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरलेली असते. ती उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते, आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण या सगळ्याची सुरुवात अर्जाच्या पोचपावतीपासून होते, कारण मुदत त्याच तारखेपासून मोजली जाते. कर्मचारी ‘कागद ठेवून जा, बघतो’ असे म्हणाला, तर अर्ज परत घ्यावा आणि आवक विभागात जाऊन, शिक्का व तारीख असलेली पोच मिळाल्यावरच तो द्यावा.