घराचं नूतनीकरण चालू आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, ओव्हन आधी निवडावेत की काम संपल्यावर?

आधीच निवडा, निदान मॉडेल तरी नक्की करा. फरशी आणि ओटा झाल्यावर मशीन आणलं की नळ एकीकडे, सॉकेट दुसरीकडे, असं हमखास होतं. पुढून कपडे घालायच्या बहुतेक वॉशिंग मशीनची रुंदी ६० सेंमी असते, पण मशीनची पुढून मागपर्यंतची खोली मोजताना मागच्या पाइपांसाठी आणखी काही सेंमी धरा. फ्रिजचं दार पूर्ण उघडलं नाही तर आतले खण बाहेर येत नाहीत. भिंतीलगतच्या कोपऱ्यात ही चूक फार होते. घराचा दरवाजा आणि जिनाही मोजा.

विजेचं तर इलेक्ट्रिशियनशी आत्ताच बोला. चार शेगड्यांचा इंडक्शन हॉब पूर्ण क्षमतेवर साधारण ७ किलोवॅट घेतो, त्याला स्वतंत्र वायरिंग लागतं. भिंत बंद झाल्यावर ते करणं म्हणजे पुन्हा तोडफोड.

खर्चाचं म्हणाल तर फ्रिजवर जास्त घाला, तो चोवीस तास चालतो. ओव्हनची वीसेक फंक्शन्स मात्र सोडून द्या, रोज वापरात दोन-तीनच येतात. स्वयंपाकघर बैठकीला जोडून असेल तर लेबलवरचे डेसिबल जरूर वाचा: १० डेसिबलचा फरक कानाला जवळपास दुप्पट आवाज वाटतो.