वालोरिसच्या फुलदाण्या आणि पुण्याचा फ्लॅट

ताई, मेल वाचला. लिऑनला राहता, लिव्रे आ मध्ये (फ्रान्सचं सरकारी नियमांचं बचत खातं) 14,000 युरो साठलेत, त्यातले 6,000 काढून 1950 च्या आसपासच्या पाच-सहा फ्रेंच फुलदाण्या घ्यायच्या आणि पाच वर्षांनी विकून पुण्याच्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट करायचं म्हणताय. फुलदाण्या घ्या हो, पण फ्लॅटच्या पैशातून नको.

टॅक्सचं टेन्शन घेतलंय तुम्ही, ते सोडा, 5,000 युरोपर्यंतच्या वस्तूवर तिकडे विकताना टॅक्स लागत नाही. मार बसतो तो कमिशनचा. समजा लिलावात 1,000 ला बोली सुटली, वर लिलाववाल्यांचं 25 टक्के प्रीमियम, म्हणजे खिशातून गेले 1,250, आणि उद्या विकायला गेलात की 15 टक्के लिलाववाले कापणार, हातात 850! नुसती मुद्दल सुटायलाच बोली 1,470 ला जायला हवी आणि तोवर घरात मांजर किंवा पोर असलं की संपलं. लिव्रे आ चं व्याज कमी आहे, मान्य, पण ते टॅक्स-फ्री आहे आणि खाली पडून फुटत नाही.

बरं, नावाला भुलू नका. पिकासोने 1947 पासून दक्षिण फ्रान्समधल्या वालोरिस गावच्या मदुरा पॉटरीत काम केलं, पण त्याची एडिशन डिझाइनं (म्हणजे ठरावीक कॉपी काढलेली) सहाशेच्या वर, काहींच्या 25 कॉपी तर काहींच्या तब्बल 500, म्हणजे आधी कॉपी किती ते बघा आणि मग भाव. आणि नुसतं 'वालोरिस' कोरलेलं असलं तर ते गावाचं नाव आहे, टुरिस्टांसाठी तिथे ढिगाने माल निघायचा. आक्कोले या दुसऱ्या गावच्या फुलदाण्या तर तुमच्याच पॅरिस-लिऑन हायवेवर, नॅशनल 6 वर, गाड्या थांबवून लोक घ्यायचे, दिसायला झकास पण दुर्मिळ कसल्या. जॉर्ज जूव्ह या फ्रेंच सिरॅमिक कलाकाराची काळ्या ग्लेझची (चकचकीत लेपाची) खरी वस्तू या बजेटमध्ये मला तरी दिसत नाही, कोणी स्वस्तात देत असेल तर आधी शंका घ्या.

माझं ऐकाल तर या वर्षीच्या बोनसमधून 1,000-1,200 बाजूला काढा आणि पाच-सहाऐवजी एकच घ्या, वालोरिसच्याच रॉजे काप्रॉन किंवा सुझान रामिये या कलाकारांची, जी रोज बघायला आवडेल अशी. घेण्याआधी बुडाचा फोटो मागा, शिक्का बघा, काठावरून बोट फिरवा, यूव्ही टॉर्च मारा, रंग देऊन बुजवलेली चीर त्यात बहुतेक वेळा वेगळी चमकते. बिल जपून ठेवा आणि घराच्या इन्शुरन्सवाल्याला कळवा. 14,000 ला हात लावू नका.