बिअरचा चोथा म्हशींना चालतो का?

प्रश्न : जवळची मायक्रोब्रुअरी बिअरचा ओला चोथा द्यायला तयार आहे. दुभत्या म्हशींना घालावा का? दारूचा अंश दुधात उतरेल का? (दूध उत्पादक, जि. पुणे)

उत्तर : दारूची भीती नको. भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून गोड रस गाळला की चोथा बाजूला निघतो. दारू बनवणारं यीस्ट (खमीर) पडतं ते पुढे, रस उकळून थंड केल्यावर. १००० लिटर बिअरमागे साधारण २०० किलो चोथा निघतो, पण त्यातलं पाऊण वजन नुसतं पाणी. चार-साडेचार किलो चोथा म्हणजे जेमतेम किलोभर कोरडा खुराक. त्यात प्रथिनं २० ते २५ टक्के, म्हणून थोडी पेंड वाचते. वैरण मात्र कमी करू नका. एक किलोपासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत सहा-आठ किलोपर्यंत न्या. कॅल्शियम कमी असतं, तेव्हा खनिज मिश्रण चुकवू नका.

उन्हाळ्यात चोथा दोन दिवसांत नासतो. रोज आणणं जमत नसेल तर चार किलो चोथ्यात एक किलो कडबा कुट्टी मिसळून मुरघासाच्या पिशवीत दाबून भरा, हवा राहता कामा नये. नुसताच भरला तर पाणी तळाशी साचून कुजतो. बुरशी दिसली की वरचा थर काढून उरलेला घालायचा मोह टाळा. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरतं. खरी भीती ती.

ब्रुअरीवाल्याला आधीच बजावा : टाकीच्या तळाचं यीस्ट या ड्रममध्ये ओतायचं नाही (जिवंत यीस्टनं जनावराचं पोट फुगतं, दारूही त्यातच असते), कॉस्टिक सोड्याचे रिकामे ड्रम वापरायचे नाहीत. गोठ्यावर कुत्रं असेल तर हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळही नको, कुत्र्यांना तो विषारी.

प्रश्न : ‘ऑरगॅनिक’ बिअर म्हणजे पर्यावरणपूरकच ना?

उत्तर : नाही. तो शिक्का मुख्यतः धान्य आणि हॉप्स कसे पिकवले याचा. तोही कधी सैल : अमेरिकेत २०१२ अखेरपर्यंत ऑरगॅनिक बिअरमध्ये साधे हॉप्स चालायचे. पाण्याचा हिशेब त्यात येत नाही. छोट्या ब्रुअरीत लिटरभर बिअरला सात-आठ लिटर पाणी सहज जातं, बरंचसं धुण्यात आणि थंड करण्यात. उकळता रस हीट एक्स्चेंजरमधून (पत्र्याच्या एका बाजूने रस, दुसऱ्या बाजूने थंड पाणी) निवतो तेव्हा पलीकडचं पाणी ७०-८० अंशांना बाहेर पडतं. माल्ट भिजवायला ६५ अंशांच्या आसपासच लागतं, म्हणजे टाकीत साठवलं तर पुढच्या खेपेला पाणी आणि गॅस दोन्ही वाचतं. ते साठवतात की गटारात सोडतात, एवढं विचारा.