हेरिटेज आर्ट गॅलरीच्या रीडेव्हलपमेंटसाठी डिझाइन टीम कशी उभी करायची?

तुम्ही विचारलंय की जुन्या इमारतीतली गॅलरी नव्याने करायची तर आधी आर्किटेक्ट नेमावा का. हो, पण कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट, म्हणजे जुन्या वास्तूंचं जतन करणारा, आणि त्याच्यासोबत पहिल्या दिवसापासून क्युरेटर, म्हणजे कोणती चित्रं कशी मांडायची ते ठरवणारा माणूस हवाच, कारण भिंतीवर काय लागणार हे ठरल्याशिवाय लाइट, एसी कशाचंच डिझाइन नीट होत नाही. कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पुरे, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो, म्हणून म्युझियम लायटिंगचा माणूस वेगळाच लागतो, दुकानांचं लायटिंग करणारा घेऊ नका प्लीज.

स्ट्रक्चरल इंजिनिअर निवडताना चुन्याच्या बांधकामाचं काम केलंय का ते आवर्जून विचारा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात आणि त्याच भिंतीवर चित्रं टांगलेली असतात! पावसाळ्यात तर हालच होतात.

मुंबईत दोन ठिकाणं नक्की बघून या. भाऊ दाजी लाड संग्रहालयात विकास दिलावरी कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट होते, पालिका, इंटॅक (वारसा जतन करणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले आणि त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. दुसरं एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, जुन्या कावसजी जहांगीर हॉलच्या आतच गॅलऱ्या बसवल्यात, १९९६ ला सुरू झालं.

फायर आणि एसीवाले मात्र शेवटी बोलावू नका, तेच डक्टसाठी, म्हणजे हवेच्या नळांसाठी, जुनं छत फोडतात. आणि फीवरून टीम ठरवू नका, आधी केलेलं काम पाच-सहा पावसाळ्यांनंतर कसं दिसतंय ते स्वतः जाऊन बघा.