लोगोचं नंतर बघू, वक्त्याला आधी नाही म्हणा

तुम्ही विचारलंय, की १ ते ७ सप्टेंबरच्या पोषण सप्ताहासाठी एक बिस्किट कंपनी बडोद्यातल्या तुमच्या आहारतज्ज्ञ मंडळाला हॉलचं भाडं, जेवण, छपाई सगळं द्यायला तयार आहे. बदल्यात बॅनरवर लोगो आणि एक वक्ता त्यांचा. घ्यावं का?

वक्ता तर अजिबात नको. व्यासपीठावर कोण बोलणार हे दुसऱ्यानं ठरवलं, की मंडळ आपलं राहत नाही.

मी बरीच वर्षं आमच्या मंडळाची खजिनदार होते. दांडिया बाजारात मातांसाठी शिबिर होतं. एका हेल्थ ड्रिंकवाल्यानं "नुसते नमुने ठेवू द्या" म्हटलं, आम्ही नावनोंदणीच्या टेबलावर जागा दिली. तासभर नाचणी, शेंगदाणे, मेथीची भाजी यांवर बोललो. निघताना कडेवर मूल घेतलेल्या एका बाईनं मुठीतली चार पाकिटं दाखवली आणि म्हणाली, "बेन, तमे आप्युं छे, एटले सारुं ज हशे ने?" (ताई, तुम्ही दिलंय, म्हणजे चांगलंच असणार ना?) त्या पावडरीबद्दल आम्ही चकार शब्द काढला नव्हता. मला तिला धड उत्तरही देता आलं नाही. ते अजून सलतं.

अमेरिकेत २०१५ साली हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथल्या ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्सच्या मुलांसाठीच्या उपक्रमाचं चिन्ह क्राफ्टच्या चीजच्या पाकिटावर येणार होतं. ही शिफारस नव्हे, असं संस्था सांगत राहिली. पण पाकीट घेणारा तसं कुठे वाचतो? शेवटी सदस्य आहारतज्ज्ञच उठले आणि करार गुंडाळावा लागला.

त्या शिबिरानंतर आम्ही नियम लिहून काढले, देणगीदार दारात यायच्या आधीच. मंडळाचं नाव कुठल्याही उत्पादनावर नाही. विषय, वक्ते, माहितीपत्रक यांत देणगीदारानं बोलायचं नाही. वर्षाच्या खर्चाच्या पाव हिश्श्याहून जास्त एकाकडून घ्यायचं नाही, म्हणजे उद्या त्यानं हात आखडला तरी आपलं अडत नाही. रक्कम वार्षिक सभेत वाचून दाखवायची. ज्या सदस्याला त्या कंपनीकडून मानधन मिळतं, त्यानं चर्चेच्या वेळी बाहेर बसायचं. यावरून आमच्याकडे रुसवेफुगवे झाले, पण नियम हलवला नाही.

एक गोष्ट मात्र आजच तपासा: ही कंपनी बाळाचं डब्याचं दूध, दुधाच्या बाटल्या किंवा दोन वर्षांखालच्या मुलांचा आहार बनवते का? बनवत असेल तर प्रश्नच मिटला. बाळाचं डब्याचं दूध, बाटल्या आणि बालआहार यांबद्दलचा १९९२ चा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती, यांनुसार अशा उत्पादकानं आरोग्यसेवकांच्या संघटनेला परिसंवाद, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती, संशोधन, कशासाठीही पैसे द्यायला बंदी आहे.

बनवत नसली तरी पोषण सप्ताहात मैदा-साखर कमी खा सांगायचं आणि मागे बिस्किटाचा लोगो, हे मला पटत नाही. हॉलसाठी सयाजीराव विद्यापीठाच्या फूड्स अँड न्यूट्रिशन विभागाकडे विचारा. छपाईला भांड्यांचा व्यापारी किंवा सहकारी बँक बघा. जेवणाला आम्ही घरून डबे आणायचो. कंपनीला नकार कळवायच्या आमच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवते.