‘आय ॲम जेट लॅग’ म्हणावे का?

विचारणा अशी आहे की, दोन तासांचा विमानप्रवास करून दमून आलेल्या माणसाने ‘आय ॲम जेट लॅग’ असे म्हटले तर ते बरोबर आहे का. या वाक्यात व्याकरणाची एक आणि अर्थाची एक अशा दोन चुका आहेत, आणि मला अर्थाची चूक अधिक महत्त्वाची वाटते.

‘जेट लॅग’ हे नाम आहे. ‘मी ताप आहे’ असे आपण म्हणत नाही, ‘मला ताप आहे’ असे म्हणतो. त्याच न्यायाने इंग्रजीत ‘आय हॅव जेट लॅग’ म्हणावे, किंवा विशेषण वापरून ‘आय ॲम जेट-लॅग्ड’ म्हणावे. मराठीतल्या ‘होतोय’वरून सुचणारे ‘आय ॲम हॅविंग जेट लॅग’ हे रूप टाळलेले बरे.

आता अर्थ. ‘लॅग’ म्हणजे मागे पडणे, आणि इथे मागे पडते ते शरीराचे घड्याळ. झोप, भूक, शरीराचे तापमान यांचे चक्र साधारण २४ तासांचे असते. विमानातून उतरल्यावर मनगटावरचे घड्याळ क्षणात लावता येते, पण आतले घड्याळ निघालेल्या ठिकाणचीच वेळ पाळत राहते आणि ढोबळमानाने दर तासाच्या फरकाला एक दिवस या गतीने नव्या वेळेशी जुळते. म्हणून प्रवास किती लांबचा झाला यापेक्षा पूर्व-पश्चिम दिशेने किती कालविभाग ओलांडले हे इथे पाहायचे असते. लंडनहून न्यूयॉर्कला गेलेल्याला सहसा पाच तासांचा फरक सोसावा लागतो. उलट लंडन ते जोहान्सबर्ग हा प्रवास सुमारे अकरा तासांचा असूनही वेळेत फरक एक-दोन तासांचाच पडतो, त्यामुळे तिथे उतरलेला माणूस थकलेला असेल, पण त्याला जेट लॅग फारसा असणार नाही. योगायोग असा की, जेट विमानाची पहिली नियमित प्रवासी सेवा २ मे १९५२ रोजी सुरू झाली ती याच मार्गावर. अटलांटिक ओलांडणारी जेट सेवा १९५८ मध्ये आली आणि त्यानंतरच्या दशकात हा शब्द रूढ झाला; जहाजाने जाणाऱ्याच्या शरीराला फरक पचवायला वाटेतच अनेक दिवस मिळत असल्यामुळे त्याआधी अशा शब्दाची फारशी गरजच नव्हती.

मराठीत या शब्दाचा अर्थ ‘विमानप्रवासाचा शीण’ असा सांगितला जातो आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे, असे मला वाटते. शीण एका रात्रीच्या गाढ झोपेने जातो. जेट लॅग असलेल्याची तर अडचणच ही असते की, रात्री अंथरुणावर पडूनही त्याला झोप येत नाही आणि भर दुपारी डोळे मिटू लागतात. ‘जेट लॅग’ला नेमका मराठी शब्द मिळेपर्यंत मूळ शब्दच पुल्लिंगी नाम म्हणून वापरावा: ‘माझा जेट लॅग अजून गेलेला नाही.’ दोन तासांच्या प्रवासाने दमलेल्याने मात्र इंग्रजीत ‘आय ॲम टायर्ड आफ्टर द फ्लाइट’ आणि मराठीत ‘प्रवासाने शिणलो’ एवढेच म्हणावे.