लेकरासोबत ‘किल्ला’ बघू का?

प्रश्न : ताई, मी सेलूजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मालक जाऊन पाच वर्षं झाली. पोरगा यंदा नववीला. घरात ‘हं’ आणि ‘नाही’ एवढंच बोलतो. मैत्रीण म्हणते, दोघं मिळून ‘किल्ला’ सिनेमा बघा. पण त्यातल्या लेकराचेही वडील गेलेलेत म्हणे. खपली तर निघणार नाही ना?

उत्तर : बघा माय, जरूर बघा. मरणाचं रडगाणं त्यात नाही. आईची बदली होते म्हणून ११ वर्षांचा चिन्मय तिच्यासोबत पुणं सोडून कोकणातल्या लहानशा गावी येतो. नवी शाळा, नवे दोस्त. तिकडं ऑफिसात आईची वेगळीच ओढाताण. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनासोबत कॅमेराही स्वतःच सांभाळलाय. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं याला क्रिस्टल बेअर पुरस्कार दिला, म्हणजे पोरांनीच निवडलेला सिनेमा आहे हा.

मी तो माझ्या लेकासोबत पाहिला २०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते दिवस. लेक तेव्हा १४ वर्षांचा, बाप गेल्यापासून मुका झालेला. किल्ल्यावर पाऊस कोसळतो आणि दोस्त चिन्मयला एकट्याला मागं टाकून निघून जातात, तिथं हा ताडकन उठून बसला. “एवढा पाऊस?” बस, एवढंच बोलला. माझ्या पोटात गोळा आला होता. पुढं अमृता सुभाषनं साकारलेली चिन्मयची आई एकटीच सगळं रेटताना दिसली, तेव्हा त्यानं हळूच माझ्याकडं बघितलं. आपला एकटेपणा आपण पोरांपासून किती झाकून ठेवतो! त्या रात्री तो त्याला दिसला असावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे टँकर आला. मी पदर खोचून रांगेत उभी. एरवी दहा हाका मारल्याशिवाय न उठणारा लेक मागून आला, माझ्या हातातली घागर घेतली अन् म्हणाला, “तू पाइप धर.”

परीक्षा नसेल अशा रविवारी, जेवणं उरकून बघा. शेजारणीला बोलावू नका. संपल्यावर ‘काय वाटलं रे?’ असं तर मुळीच विचारू नका. मधेच तो उठून अंगणात गेला तर जाऊ द्या. फक्त सिनेमा तिथंच थांबवून ठेवा.